कोपी आणि कॉपी

दसऱ्याचे सोने वाटून झाले आणि दिवाळीचे दिवे विझले की, बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ट्रॅक्टर आणि मालमोटारी भरून निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या दिशेने चालू लागतो. फडाच्या कडेला पाचट आणि ताडपत्री यांची जी झोपडी उभी राहते, तिला ऊसतोड कामगारांच्या बोलीत कोपी म्हणतात. पुढचे पाच-सहा महिने हेच त्यांचे घर.

मागे गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या जिवावर सोडलेली शिकती मुले. त्यांतला एखादा मुलगा अकरावीत असतो, एखादी मुलगी बारावीत. आई-बाप फडात असतानाच मंडळाची परीक्षा येऊन ठेपते. २०२५ साली बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, तेव्हा गाळप हंगाम ऐन भरात होता. कोपीत राहणाऱ्या आईला आपल्या लेकराचा पेपर कोणत्या दिवशी आहे, हेही अनेकदा ठाऊक नसते. आणि त्याच दिवशी एखाद्या परीक्षा केंद्राच्या भिंतीभोवती दुसरीच धावपळ चालू असते. खिडकीतून चिठ्ठ्या जातात, छायांकित उत्तरांचे गठ्ठे फिरतात, कोणी कुंपणावर चढलेला असतो. तिला सगळा महाराष्ट्र कॉपी म्हणतो.

कोपी आणि कॉपी या दोन शब्दांत एका मात्रेचा फरक आहे. बीडच्या उच्च माध्यमिक शिक्षणाची सारी शोकांतिका या दोन शब्दांच्या मध्ये सामावलेली आहे. कोपीतला बाप पाठीचा कणा झिजवून मुलाच्या शिक्षणाची किंमत मोजतो आणि व्यवस्था त्याच्या हाती ठेवते ती कॉपीची गुणपत्रिका. ही फसवणूक आहे आणि ती परीक्षेच्या तीन तासांत घडत नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत ती सावकाश, नियमाने, कागदोपत्री निर्दोष रीतीने घडवली जाते.

जे उभारायचे ठरले होते

देशाच्या शिक्षणाचा आकृतिबंध दहा अधिक दोन अधिक तीन असा असावा, ही शिफारस १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाची. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचे सुपुत्र होते. मधली दोन वर्षे का हवीत, याचे उत्तर आयोगाने स्पष्ट दिले होते. दहावीनंतर विद्यार्थ्याच्या कलानुसार वाटा फुटाव्यात, त्यांपैकी सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यवसाय शिक्षणाकडे वळावे आणि उरलेल्यांनी विद्यापीठाच्या अभ्यासासाठी पाया पक्का करावा, ही ती कल्पना. सोळा ते अठरा या वयात मनुष्य घडतो, त्या वयाला स्वतंत्र टप्पा द्यावा, असा तो विचार होता.

महाराष्ट्रात १९७५ पासून नवा आकृतिबंध आला आणि या टप्प्याला नाव मिळाले कनिष्ठ महाविद्यालय. नावातच घोळ होता. ते शाळेला जोडलेले असले तरी शाळा नव्हे आणि महाविद्यालयाच्या आवारात असले तरी महाविद्यालय नव्हे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा टप्पा देशभर शालेय शिक्षणाचाच भाग मानावा, असे म्हटले. महाराष्ट्रात मात्र तो त्रिशंकूसारखा लोंबकळतच राहिला. शाळेची शिस्त त्याला लागली नाही आणि विद्यापीठाचे वातावरण त्याला लाभले नाही.

कागदावरची रचना आजही देखणी आहे. कला, वाणिज्य, विज्ञान आणि व्यवसाय अभ्यासक्रम अशा शाखा. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळे, त्यांपैकी बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात. प्रत्येक विषयात ३५ टक्के गुण म्हणजे उत्तीर्ण, ४५ टक्क्यांना द्वितीय श्रेणी, ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी, ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य. विज्ञानाच्या विषयांत ७० गुण लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे. भाषांत ८० लेखी आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती अनिवार्य. प्रश्न एवढाच की, यातले जमिनीवर किती उरले आहे?

हजेरीपटावरचे महाविद्यालय

गेल्या तीन-चार दशकांत ग्रामीण महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयांचे पीक आले. त्यांपैकी अनेकांना ‘कायम विनाअनुदानित’ या शिक्क्यासह मान्यता मिळाली. शासनाला खर्च नको होता, स्थानिक पुढाऱ्याला संस्था हवी होती. दोघांची सोय झाली. ‘कायम’ हा शब्द शाळांसाठी २००९मध्ये आणि उच्च माध्यमिकासाठी २०१४मध्ये वगळला गेला, परंतु अनुदान आले ते २० टक्क्यांच्या टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागले. ज्या शिक्षकाला वर्षानुवर्षे वेतन नाही किंवा जो घड्याळी तासिकेच्या तुटपुंज्या मानधनावर तीन गावे फिरतो, तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काय उभे करणार? जिथे प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट आहे, तिथे प्रात्यक्षिकाचे तीसपैकी अठ्ठावीस गुण कोणत्या प्रयोगाचे असतात?

दुसऱ्या टोकाला सधन आणि मध्यमवर्गीय पालक उभे आहेत. त्यांनी कनिष्ठ महाविद्यालयावरचा विश्वास केव्हाच काढून घेतला. शेजारच्या लातुरात राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी अवांतर तास, सराव परीक्षा आणि शिक्षकांचे अपार कष्ट यांतून एक ‘पॅटर्न’ उभा केला, त्याचा मराठवाड्याला सार्थ अभिमान वाटला. तो पॅटर्न महाविद्यालयाच्या वर्गात जन्मला होता, हे मात्र लोक विसरले. पुढे त्याच नावावर शिकवणी वर्गांची बाजारपेठ वसली. आता बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावचा मुलगा प्रवेश घेतो एखाद्या खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि राहतो लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातल्या शिकवणीजवळच्या खोलीत. हजेरीपटावर तो रोज उपस्थित असतो. महाविद्यालयाला पटसंख्या मिळते, शिकवणीला शुल्क मिळते, पालकाला निश्चिंती मिळते.

या व्यवहाराची शासनाला कल्पना नव्हती असे नाही. २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत काही विभागांपुरती बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्याचा निर्णय झाला, तो याच संगनमताला आळा घालण्यासाठी. जानेवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढून सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे सांगितले. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. प्रवेश ऑनलाइन झाला; वर्ग भरतो की नाही, हे कोणी पाहायचे?

या दोन टोकांच्या मध्ये ऊसतोड कामगाराचे मूल सापडते. शिकवणीचे शुल्क त्याच्या आवाक्यात नाही. म्हणून महाविद्यालयात रोज जाणारा तोच एकटा असतो आणि तिथे शिकवणारे कोणी नसते. परीक्षेच्या दिवशी मग त्याच्यापुढे एक ‘उदार’ हात येतो, उत्तरे लिहिलेला कागद घेऊन. ज्यांनी त्याला दोन वर्षे काही दिले नाही, ते त्या दिवशी त्याच्यावर उपकार करतात!

गुणांचा फुगवटा

निकालाचे आकडे बोलके आहेत. बारावीचा राज्याचा निकाल २०१९मध्ये ८५.८८ टक्के होता, २०२०मध्ये ९०.६६ टक्के. २०२१मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के, असे सूत्र लावले गेले आणि निकाल लागला ९९.६३ टक्के. म्हणजे महाविद्यालयाने दिलेल्या गुणांवर विसंबताच हजारात चार मुलेही अनुत्तीर्ण राहिली नाहीत.

याहून लख्ख पुरावा दहावीचा आहे. भाषा आणि समाजशास्त्रांतील शाळेच्या हातचे २० गुण काढून घेतले, तेव्हा २०१८चा ८९.४१ टक्के निकाल २०१९मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली. राज्य मंडळाच्या मुलांवर अन्याय होतो, केंद्रीय मंडळाची मुले पुढे जातात, असा टाहो फुटला. गुण परत देण्यात आले आणि २०२०मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, हे ध्यानात घेतले तरी एका वर्षात मराठी मुलांची बुद्धी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. मोजपट्टी बदलली, एवढेच.

आता बीडकडे पाहावे. २०२५च्या बारावी परीक्षेत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, पुणे विभागाचा ९१.३२ आणि छत्रपती संभाजीनगर विभागाचा ९२.२४. ज्या विभागात बीडसारखा स्थलांतरितांचा जिल्हा आहे, तो विद्येच्या माहेरघराच्या पुढे! आणि ज्या लातूर विभागाकडे सारा मराठवाडा डॉक्टर होण्यासाठी धावतो, तो ८९.४६ टक्क्यांसह नऊ विभागांत शेवटचा! या आकड्यांवरून कोणत्याही एका महाविद्यालयावर बोट ठेवता येत नाही आणि प्रामाणिकपणे मिळवलेले यशही नाकारता येत नाही. परंतु उत्तीर्णतेची टक्केवारी आणि शिक्षण यांचा संबंध किती सैल झाला आहे, हे समजायला एवढी तुलना पुरेशी आहे.

देशाचे चित्रही याला पूरकच आहे. ‘असर’च्या २०२३च्या अहवालात निवडक जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली. त्यांतील सुमारे चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सहजतेने वाचता आला नाही आणि निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही. याच वयाची मुले अकरावी-बारावीत असतात. ज्याला भागाकार येत नाही त्याच्या हाती प्रथम श्रेणी ठेवणे याला दया म्हणत नाहीत.

तीन आक्षेप

हे बोलले की ठरावीक आक्षेप पुढे येतात. पहिला आक्षेप अस्मितेचा. ‘कॉपी सगळीकडे चालते, मग बीडचीच, मराठवाड्याचीच बदनामी का?’ यात तथ्य आहे. कॉपी हा बीडचा मक्ता नाही. शहरातले काही परीक्षार्थी ‘सोपे केंद्र’ शोधत ग्रामीण भागात नाव नोंदवतात, तेव्हा त्या पापात शहराचाही वाटा असतो. बीडचे नाव अलीकडे नको त्या कारणांनी वारंवार गाजले, त्यामुळे इथला सज्जन माणूस दुखावलेला आहे, हेही खरे. पण बदनामी सत्य सांगितल्याने होत नाही. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात बीडची गुणपत्रिका पाहून जेव्हा कोणी सूचक हसतो, तेव्हा बदनामी होते. आणि ते हसू झेलावे लागते, ते दिव्याखाली रात्र जागवून ऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलाला. कॉपीने नापास होणारा वाचतो, असे वाटते. वास्तविक तिने खऱ्या गुणवंताचे गुण खोटे ठरतात.

दुसरा आक्षेप करुणेचा, आणि तो स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांचा आवडता आहे. ‘गरिबाच्या पोराला पस्तीस गुण मिळाले तर बिघडले कुठे? कडक परीक्षा म्हणजे बहुजनांना शिक्षणाबाहेर काढण्याचा डाव.’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आणि परिणामी निष्ठुर आहे. पस्तीस गुणांचा कागद घेऊन तो मुलगा पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेला बसतो, तलाठ्याच्या परीक्षेला बसतो, तिथे कागद टिकत नाही. तीन-चार वर्षे तो शहरातल्या अभ्यासिकेत झुरतो आणि अखेर मुकादमाची उचल घेतो. श्रीमंताच्या मुलाला खोट्या गुणपत्रिकेने फारसे काही होत नाही. त्याच्यापाशी शिकवणी आहे, देणगी देऊन मिळणारी जागा आहे, वडिलांचा व्यवसाय आहे. ज्याच्यापाशी गुणपत्रिकेखेरीज काहीच नाही, त्याची गुणपत्रिका खोटी असणे हा सर्वांत मोठा सामाजिक अन्याय आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. ‘आता प्रवेश परीक्षा आहेतच, बारावीच्या गुणांना विचारतो कोण?’ नीट २०१३मध्ये प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६मध्ये ती परतली. अभियांत्रिकीसाठी महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५मध्ये जेईई आणि बारावी यांचे गुण निम्मे-निम्मे धरले आणि २०१६पासून पुन्हा स्वतःच्या सीईटीकडे वळला. या सगळ्या उलाढालीत बारावीच्या गुणांचे मोल घटत गेले, कारण त्यांवर कोणाचा विश्वास उरला नव्हता. पण प्रवेश परीक्षा हा पावित्र्याचा मठ आहे, हा भ्रमही जून २०२४मध्ये फुटला. त्या वर्षीच्या नीट पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत पोहोचले आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक आरोपी म्हणून अटकेत गेले. कॉपीचे संस्कार ज्या व्यवस्थेत रुजतात, त्या व्यवस्थेत नुसती परीक्षा बदलून भागत नाही. शिवाय प्रवेश परीक्षा हा विज्ञान शाखेचा प्रश्न आहे. बीडच्या खेड्यातली जी मुलगी कला शाखेत इतिहास आणि मराठी शिकते, तिच्यासाठी बारावी हीच परीक्षा आहे.

मुलींचे काय?

आणि त्या मुलीचा विषय निघाल्यावर आणखी एक सत्य सांगितले पाहिजे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. हंगामाला निघताना वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची कशी, या धास्तीने बाप तिचे हात पिवळे करतो आणि नवा कोयता तयार होतो. अकरावीचा वर्ग खरोखर भरत असता, गावापासून जवळ सुरक्षित वसतिगृह असते, शिक्षक घरी येऊन ‘पोरगी हुशार आहे, थांबा’ म्हणाला असता, तर यांतली कितीतरी लग्ने पुढे ढकलली गेली असती. ज्या मुलीचे नाव पटावर आहे आणि जी वर्गात नाही, ती शिकवणीला गेली की सासरी, हे पाहण्याची उसंत कोणालाच नाही. खोटा हजेरीपट बालविवाहही झाकतो.

शिक्षण हक्क कायद्याचे छत्र सहा ते चौदा वयाला आहे. हंगामी वसतिगृहांची जुनी योजनाही लहान वर्गांतल्या मुलांभोवतीच आखलेली. त्यापुढच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ज्या संताने कष्टकरी समाजाला शिक्षणाची वाट दाखवली, त्यांचे नाव देणे उचितच. परंतु नावाची बूज राखायची तर ऊसतोडीच्या प्रत्येक तालुक्यात मुलींसाठी हक्काची इमारत, महिला अधीक्षक आणि दोन वेळचे जेवण दसऱ्यापूर्वी तयार असले पाहिजे. ट्रॅक्टर निघून गेल्यावर उघडणारे दार काय कामाचे?

नांदेडने दाखवलेली वाट

उपाय नाही असे मुळीच नाही. २०१०च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली. बैठी पथके बसली, केंद्रांवर करडी नजर राहिली. जिल्ह्याचा निकाल घसरला, टीका झाली. पण नांदेडचा तो प्रयोग पुढे राज्यभर अनुकरणीय ठरला. एका अधिकाऱ्याच्या निर्धाराने एवढे होत असेल, तर १९८२चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा हाती असलेल्या साऱ्या यंत्रणेने काय होणार नाही? २०२५मध्ये पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर बाहेरचे पर्यवेक्षक नेमण्याचा निर्णय झाला, तो योग्यच होता. काही शिक्षक संघटनांना तो आपल्यावरील अविश्वास वाटला. अविश्वास आहेच, तो प्रामाणिक शिक्षकावर नाही, त्याला एकटे पाडणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

मात्र पोलीस बंदोबस्तात चोरी थांबते, विद्या येत नाही. नांदेडचा खरा धडा असा की, परीक्षा कडक झाली की वर्ग भरवण्याची निकड आपोआप निर्माण होते. तिथे शासनाने हात आखडला, तर निकाल पडतो आणि मुलेच भरडली जातात. दोन्ही कामे एकत्र व्हायला हवीत.

नव्या धोरणाची कसोटी

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकसंध टप्पा मानला. शाखांच्या भिंती पाडणे, पाठांतराऐवजी आकलन तपासणे, मंडळाच्या परीक्षेचा ताण कमी करणे, २०२५पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय देणे, अशी उद्दिष्टे त्यात होती. कोठारी आयोगाचे अर्धवट राहिलेले स्वप्न भारतीय मातीत पुन्हा पेरण्याचा हा प्रयत्न स्वागतार्हच आहे. म्हणूनच त्याच्या हितचिंतकांनी एक धोका वेळीच ओळखायला हवा.

देशभरातील मंडळांच्या मूल्यमापनात समानता आणण्यासाठी स्थापन झालेल्या ‘परख’ या राष्ट्रीय केंद्राने २०२४च्या अहवालात सुचवले की, बारावीच्या अंतिम निकालात नववीचा १५ टक्के, दहावीचा २०, अकरावीचा २५ आणि बारावीचा ४० टक्के वाटा असावा. तत्त्व उत्तम आहे. तीन तासांच्या परीक्षेऐवजी चार वर्षांच्या साधनेला मान मिळावा, हे गुरुकुलाच्या परंपरेला धरूनच आहे. पण ज्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीचा वर्ग भरतच नाही, तिथल्या अकरावीला पंचवीस टक्के वजन देणे म्हणजे खोट्या हजेरीपटाला राष्ट्रीय प्रमाणपत्र देणे होय. २०२१च्या ९९.६३ टक्क्यांनी याची चुणूक दाखवलीच आहे. मूल्यमापन शिक्षकाच्या हाती सोपवायचे, तर आधी शिक्षक वर्गात हवा, त्याला वेतन हवे आणि त्याच्या पाठीशी संस्था हवी. हा क्रम चुकला तर धोरण चांगले असूनही फळ कडू येईल, आणि दोष धोरणाच्या माथी मारायला विरोधक टपलेले आहेतच.

म्हणून शासनाकडे मागणे सरळ आहे. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात पट आहे आणि विद्यार्थी नाहीत, त्याची अचानक तपासणी करून मान्यता काढा. ज्या महाविद्यालयात विद्यार्थी येतात आणि शिक्षक नाहीत, तिथे पूर्ण वेतनावर शिक्षक द्या. अंतर्गत आणि प्रात्यक्षिक गुण लेखी गुणांशी ताडून पाहा आणि जिथे दरी अस्वाभाविक आहे, तिथे जाब विचारा. शासन कोणत्याही पक्षाचे असो, संस्थाचालक कोणत्याही नेत्याचा सोयरा असो. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, ही निष्ठा नव्हे.

दोष केवळ शासनाचा?

परंतु शासनाला धारेवर धरून सुशिक्षित समाजाची सुटका होत नाही. खोटा प्रवेश घेणारा पालक कोण आहे? तो बँकेत आहे, महाविद्यालयात प्राध्यापक आहे, दवाखाना चालवतो, संध्याकाळी मुलाला रामरक्षा शिकवतो. भ्रष्टाचारावर तो तावातावाने बोलतो आणि जूनमध्ये मुलाचे नाव अशा महाविद्यालयात घालतो, जिथे ‘हजेरीची चिंता नाही’. सोळाव्या वर्षी त्या मुलाला पहिला नागरिकशास्त्राचा धडा मिळतो, तो असा की, सही खोटी असली तरी चालते, काम झाले पाहिजे. पुढे हाच मुलगा अधिकारी होऊन खोटी सही करतो, तेव्हा बापाने आश्चर्य का करावे? शिवाय तो रिकामा बाक दुसऱ्यालाही शिक्षा देतो. ज्या पालकाच्या शब्दाला गावात वजन आहे, त्याचेच मूल वर्गात नसेल, तर वर्ग भरत नाही म्हणून प्राचार्यांच्या दारात उभे कोण राहणार? ऊसतोड कामगार तर फडात आहे.

राष्ट्रकार्याची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. कार्तिक ते फाल्गुन या पाच महिन्यांत जिल्ह्यातील प्रत्येक मोठ्या गावात एक अभ्यासिका चालू शकते. मंदिराचा सभामंडप आहे, शाळेची खोली आहे, निवृत्त शिक्षक आहेत. रोज संध्याकाळी दोन तास कोणी गणित, कोणी इंग्रजी, कोणी मराठी शिकवले, आणि फडात असलेल्या आईला आठवड्यातून एकदा दूरध्वनी करून ‘तुमचा मुलगा नियमित येतो’ एवढे सांगितले, तरी किती फरक पडेल! हे काम सभेत टाळ्या मिळवणार नाही. राष्ट्र उभे राहते ते मात्र अशाच कामांवर.

बीडची माती यासाठी परकी नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे. अफाट वाङ्मय रचणारे दासोपंत तिथलेच. निजामाच्या राजवटीत उस्मानिया विद्यापीठापर्यंतची सारी वाट उर्दूतून जात होती, तेव्हा मातृभाषा आणि राष्ट्रभाव जपण्यासाठी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्था उभ्या राहिल्या आणि स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे अध्यापन केले. तिथे पोटाला चिमटा घेऊन शिकवणारे शिक्षक होते आणि पोलिसांची भीती बाजूला सारून शिकणारे विद्यार्थी होते. १७ सप्टेंबर १९४८ला जे स्वातंत्र्य मिळाले, त्याची तयारी अशा वर्गखोल्यांत झाली होती. परक्या सत्तेच्या धाकात जे वर्ग भरत होते, ते स्वकीयांच्या राज्यात भरू नयेत?

पाडव्याच्या आगेमागे ट्रॅक्टर परततील. कोपी मोडून, कोयते बांधून माणसे गावात येतील. मे महिन्यात निकाल लागेल आणि एखादा बाप, ज्याला ती वाचता येत नाही, मुलाची गुणपत्रिका हातात घेऊन उन्हात धरील, देव्हाऱ्यात ठेवील, शेजाऱ्याला पेढा देईल. त्या कागदावरचा प्रत्येक आकडा खरा असावा, एवढेच त्या बापाचे समाजाकडे मागणे आहे. त्याने त्याची किंमत आधीच मोजलेली आहे.